पंडुमाआधीचा आंबा

"आज उकाडा फार आहे" असं साधं वाक्यसुद्धा सरांसमोर बिनधोक बोलायची सोय नव्हती. चष्मा कपाळावर सरकवून ते विचारायचे, "कायच्यावरून?" आपण घामाने भिजलेला पदर दाखवला की म्हणायचे, "हा झाला तुमचा घाम, बाई. उकाडा किती ते यंत्र सांगीन." आणि खरंच उठून दाराला टांगलेलं थर्मामीटर वाचून यायचे. आकडा कळल्यावर उकाडा काही कमी व्हायचा नाही, पण सरांचं समाधान व्हायचं.

आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलात आमची आश्रमशाळा होती. मुलं माडिया गोंडांची, आतल्या आतल्या गावांतली, वर्षाचे दहा महिने शाळेतच राहणारी. सर गणित आणि विज्ञान शिकवायचे, मी मराठी. मी चंद्रपूरहून नवीकोरी बी.एड. होऊन तिथे रुजू झाले आणि पहिला आठवडाभर रडले. सरांनी माझी समजूत वगैरे काढली नाही. सकाळी चपला झटकून घालायच्या, विंचू असतो, एवढं सांगितलं. मी चुकून विचारलं, "कशावरून?" तर इतके खूश झाले की मला चहा पाजायला घेऊन गेले.

टपरीवाल्याने सवयीने सांगितलं, "दूध ताजं आहे सर."

"कायच्यावरून?"

"म्हशीले इचारून या," टपरीवाला म्हणाला. हा संवाद त्यांचा रोजचाच असावा, कारण दोघांच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

उंच, सडपातळ, पायात टायरच्या चपला आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. वहिनी आणि मुलं शिक्षणापायी गडचिरोलीला, त्यामुळे सर शाळेच्या आवारातल्या खोलीत एकटेच राहत. खाण्यापिण्याचे लाड नव्हते. फक्त कैरी त्यांना मनापासून आवडे. मार्च लागला की कैरीची चटणी, कैरीचं वरण, नुसती मीठ लावलेली कैरी, काहीही. तेवढ्या एका बाबतीत ते पुरावा मागत नसत.

खोलीपुढे त्यांचे प्रयोग चालायचे. आमच्या क्लार्कची आई कुठल्याशा यात्रेहून तीर्थ घेऊन आली होती. सरांनी त्यातलं बाटलीभर मागून घेतलं. दोन डब्यांत पपईची रोपं लावली, एकाला हातपंपाचं पाणी आणि दुसऱ्याला थेंबभर तीर्थ मिसळलेलं. महिनाभरात दोन्ही रोपं सारखीच वाढली. सर निकाल जाहीर करणार तेवढ्यात एका बकरीने येऊन तीर्थाचं रोप मुळापर्यंत खाल्लं आणि दुसऱ्याला तोंडही लावलं नाही. "बकरीले समजलं फरक," क्लार्क म्हणाला. सर आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

माझ्या सोमवारच्या उपासावर त्यांचा विशेष डोळा होता. "कोन सांगतलं, सोमवारी साबुदाणा खाल्ल्यानं भलं होते म्हणून?"

"मला बरं वाटतं, सर."

"बरं वाटते, हा पुरावा नोहे, बाई. बरं तर दारू पिणाऱ्यालेही वाटते."

मी काही ऐकून घेणारी नव्हते. सर बौद्ध. रोज संध्याकाळी आंघोळ करून, मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हणायचे. आवाज भसाडा, पण एक दिवस खाडा नाही. मी एकदा मेणबत्ती विझायची वाट पाहून विचारलं, "आणि हे कायच्यावरून, सर?"

"आमच्याकडे पुराव्याची सोय आहे," ते म्हणाले. "बुद्धच सांगून गेले का मी म्हन्तो म्हणून मानू नोका, तपासून पाहा."

"मग तुम्ही तपासलं?"

"तपासून राह्यलो."

"निकाल?"

सरांनी चष्मा पुसला. "याचा आहे अजून."

त्यांची ही खोड निव्वळ चेष्टेची नव्हती. आमच्या चौकीदाराला एका दुपारी मण्यार चावला. त्याचे नातलग मांत्रिकाला घेऊन आले, मांत्रिकाने मांडामांड सुरू केली. शाळेची जीप दारात उभी होती, आणि चौकीदार मात्र म्हणत होता, मंत्र झाल्याशिवाय हलणार नाही. दुसरा कुणी असता तर भांडत बसला असता. सरांनी मांत्रिकालाच उचलून जीपमध्ये बसवलं. "मंत्र गाडीत म्हण. म्हन्ताना थांबू नोको." तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तो बिचारा खड्ड्याखड्ड्यातून मंत्र म्हणत गेला. तिथे इंजेक्शनं मिळाली, चौकीदार वाचला. पुढे गावभर त्याने अर्धं श्रेय मांत्रिकाला दिलं, याचा राग सरांना कितीतरी दिवस होता. पण चौकीदार जिवंत होता, आणि तो सरांमुळे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून पुढे जे झालं त्यात सरांना हसणं मला कधी जमलं नाही.

माडियांच्या गावांत एक रीत आहे. नवं फळ, नवं धान, काहीही नवं आलं की ते आधी देवाला आणि वाडवडलांना द्यायचं, मग सगळ्या गावाने एकत्र बसून खायचं. त्याला पंडुम म्हणतात. आंब्याचा पंडुम वेगळा, धानाचा वेगळा. प्रत्येक गाव आपला दिवस आपण ठरवतं. तोपर्यंत झाड कितीही लगडलेलं असो, त्या गावचं माणूस आंब्याला तोंड लावत नाही.

आमच्याकडे पंचवीस गावांची मुलं. मार्च-एप्रिलमध्ये स्वयंपाकीण बाईंनी वरणात कैरी टाकली की ज्यांच्या गावचा पंडुम झालेला ती मुलं ओरपून खायची आणि बाकीची नुसता भात चिवडत बसायची. बाईंना हे पाठ होतं. त्या दोन पातेल्यांत वरण करायच्या. एका वर्षी त्या रजेवर होत्या. बदली आलेल्या बाईंनी एकच पातेलं केलं, आणि निम्मी पंगत उपाशी उठली.

सरांचा तोल गेला. दुसऱ्या दिवशी परिपाठाला ते आवारातल्या झाडाची कैरी घेऊन उभे राहिले. खिशातून मिठाची पुडी काढली आणि सगळ्या शाळेसमोर ती कैरी कोयीपर्यंत खाल्ली. "पाहा. कोनाचाच पंडुम नाई झाला समजा. खाल्ला मी. काय झालं मले?"

मुलं हसली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "सर, तुमाले कायले काय होईल? तुमी आमच्या गावचे थोडीच आहात?"

शहाणा माणूस इथे थांबला असता. सरांना वाटलं, नमुना चुकला. प्रयोग ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यावरच करायला पाहिजे. "आहे कोनी, ज्याच्या गावचा पंडुम बाकी आहे आणि जो खाऊन दाखवीन?"

मग नववीतल्या रैनीने हात वर केला.

रैनी सरांची लाडकी. बीजगणिताचं उदाहरण फळ्यावर लिहून व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असे. तिला काही सिद्ध करायचं नव्हतं, हे मला रांगांमागे उभं राहून दिसत होतं. सर एकटे पडलेले तिला पाहवेनात, एवढंच. तिने कैरीची फोड घेतली, चावली, गिळली, आणि मान खाली घालून जागेवर जाऊन उभी राहिली. "सिद्ध झालं," सर म्हणाले.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलं घरी गेली. जूनअखेर शाळा उघडली. रैनी आली नाही. जुलैचा पंधरवडा गेला, तरी नाही. तिच्या गावाकडच्या मुलांनी हळूहळू सांगितलं: रैनीने पंडुमाआधी आंबा खाल्ला हे गावाला कळलं. त्यानंतर तिच्या बापाला ताप आला. आता रैनी गावच्या पंगतीला बसत नाही, तिच्या हातचं कुणी खात नाही, आणि आई तिला शाळेत पाठवत नाही. दहावीचं वर्ष होतं.

सर दोन दिवस थर्मामीटरकडे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते आरोग्य केंद्रात जाऊन आले. रैनीच्या बापाच्या रक्तात मलेरिया निघाला होता, गोळ्या घेऊन तो बराही झाला होता. "आता जाऊन समजावतो," ते मला म्हणाले. "डासानं झालं, आंब्यानं नाई. याच्याहून पक्का पुरावा कोनता पायजे?" मुलीच्या घरी जायचं म्हणून मलाही बरोबर घेतलं.

जीप नाल्यापर्यंत गेली, पुढे चिखलातून चालत. गाव धानाच्या रोवणीच्या घाईत होतं. तरी सर आले म्हटल्यावर लोक जमले. गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली देवाचा लाकडी खांब होता, त्याच्या आसपास बैठक बसली. गायता, म्हणजे गावाचा पुजारी, शेतातून तसाच आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. रैनी आईच्या मागे, थोडी दूर बसली होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

सरांनी मलेरियाचं सगळं सांगितलं. डास, रक्त, तपासणी. कुणीतरी गोंडीतून समजावत होतं. गायत्याने मान हलवली. "मलेरियाच होता. आमाले मालूम आहे. गोळ्या आमीच तं आनल्या."

सर गोंधळले. "मंग? मंग पोरीले काऊन बसवलं घरी?"

"आंबा खाल्ला ना तिनं. सगळ्याइच्या आधी."

"पन आंब्यानं ताप नाई आला!"

"नाई आला," गायता म्हणाला. मागून एक म्हातारी गोंडीत काहीतरी तावातावाने बोलली. ती म्हणत होती की देव रागावला तो रागावलाच, डास पाठवायला त्याला काय लागतं. दोघेचौघे तिच्या बाजूचे होते, दोघेचौघे नव्हते. त्यांच्यात थोडा वेळ वाद झाला. पण रैनीने सगळ्यांच्या आधी खाल्लं, याबद्दल वाद कुणाचाच नव्हता.

तिची आई मराठीत एवढंच म्हणाली, "आधी पोरगी गावात बसू द्या. मंग शाळेत."

शेवटी ठरलं की जिने खाल्लं तिच्यापेक्षा ज्याने खायला लावलं त्याने दंड द्यावा. सर लगेच हो म्हणाले. गायत्याने दंड सांगितला: एक कोंबडा, मोहाची दारू, आणि देवापुढे नमस्कार.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "कोंबडा नाई देता येणार. आमाले जीवहत्या चालत नाई."

"बरं. दारू?"

"दारू तं नाईच. ना पेत, ना पाजत."

"मंग नमस्कार करा."

"मी देव मानत नाई," सर म्हणाले. "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत आमी. खोटा नमस्कार केला तं तुमचाही अपमान आणि माहाही."

रैनीचा मामा तिरकस होता. तो म्हणाला, "मास्तर, कोंबडा नाई, दारू नाई, नमस्कार नाई. मंग माफी कायनं मांगता?"

सगळे हसले. मी पण हसले असते, पण तेवढ्यात माझं रैनीकडे लक्ष गेलं. ती ओढणीचं टोक पिळत होती. तिची शाळा, तिचं गाव, सगळं या माणसाच्या एका शब्दावर अडलं होतं, आणि हा माणूस प्रतिज्ञा मोजत होता. मला त्या क्षणी सरांचा मनस्वी राग आला.

सर उभे राहिले. त्यांनी लोकांना हात जोडले. "तुमच्या देवाचं मले काई मालूम नाई. पन तुमी सगळे थांबले होते, आणि मी थांबलो नाई. पोरीलेही थांबू देल्लं नाई. ते चुकलं." आता गंमत अशी की सरांची पाठ देवाच्या खांबाकडे होती. ते हात जोडत होते तोवर बायकाबायकांत काहीतरी कुजबुज झाली आणि अख्खी बैठक उठून खांबाच्या बाजूला जाऊन बसली. सरांना वळावं लागलं. आता लोकांना जोडलेले हात आपोआप देवापुढेही जोडले गेले. सरांना हे कळलं, मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. पण त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

गायत्याला रोवणीची घाई होती. "ते झालं. पन द्याल काय?"

आता सरांनी हात सोडले. मग म्हणाले, "मीही थांबन. तुमच्या गावचा पंडुम होत नाई तोपर्यंत नवा आंबा खाणार नाई. यंदापासून दरसाल."

मला धक्का बसला. कैरी सोडून त्यांच्याकडे देण्यासारखं दुसरं काय होतं, हे मात्र खरं.

"तिकडं आलापल्लीले कोन पायते खाल्ला का नाई?" मामा म्हणाला.

"कोनी नाई पाहनार," सर म्हणाले. आणि ते वाट पाहत उभे राहिले. पुढचा प्रश्न काय येणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण जन्मभर तो त्यांनीच विचारला होता.

गायता उठला. "मनला ना थांबन मनून? मंग झालं. मोडलं तं ते पोरीवर येईन, ध्यान ठेवजा." आणि तो शेताकडे निघूनही गेला. रैनीच्या आईने पाण्याचा तांब्या रैनीच्या हाती दिला. रैनीने तो मामाला दिला, मामा पाणी प्यायला. एवढ्यावर ती पोरगी पुन्हा गावात आली. दुसऱ्या आठवड्यात ती शाळेत होती.

परत येताना सर चिखलातून माझ्यापुढे चालत होते. "असे कसे हो हे लोक, बाई? काही इचारलंच नाई."

"तुम्ही काय पुरावा देणार होतात?"

"तेच तं. देताच आला नसता."

बरंच चालल्यावर ते पुन्हा बोलले. "मी चुकीच्या जागी पुरावा मांगला. ते काई सांगून नोयते राह्यले का आंबा खाल्ला तं माणूस मरते. सगळे मिळून खाऊ, तोपर्यंत थांबू, एवढंच त्याइचं होतं. त्याच्यात सिद्ध कराले काय आहे?"

मी इतक्या स्वस्तात सोडणार नव्हते. "पण ती म्हातारी म्हणत होती ना, देव रागावतो म्हणून? ते तर विधानच झालं."

"ते मी मानत नाई. उद्याही नाई मानणार. आणि मण्यार चावला तं अजूनही आधी दवाखाना." ते थांबले. नाल्याचं पाणी चढलं होतं, जीपवाला पलीकडून हात करत होता. "माह्या आज्यानं छप्पन साली घरातले देव वैनगंगेत सोडले. गाव म्हणे, देवी कोपीन, पोरंबाळं मरतीन. त्याच्यापाशी काय होतं? वाचता येत नोयतं त्याले. एका मानसानं सांगतलं, चला, तं तो निघाला. आपली पोरं शिकतीन, मान वर करून चालतीन, याचा काई पुरावा नोयता तवा. मी मास्तर झालो, तो पुरावा मागून आला, बाई. आजा आधीच गेला होता. आणि तो येडा नोयता. मी पाह्यलेल्या मानसाइमंधी त्याच्याएवढा इचार करणारा दुसरा नाई."

"म्हणजे तुमच्या मते पुराव्याशिवाय मानणं शहाणपणाचं असतं?"

"असं मी म्हनलो काय?" सर खेकसले. "कवा असते, कवा नसते. कवा ते मले अजून मालूम नाई." आणि ते चपला हातात घेऊन पाण्यात उतरले.

रैनी दहावी पास झाली, चांगल्या गुणांनी झाली. पुढे नर्सिंगला गेली आणि चंद्रपूरच्या एका दवाखान्यात लागली. आंब्याच्या दिवसांत तिच्या गावचा पंडुम झाला की सरांना निरोप यायचा, आधी एसटीच्या कंडक्टरकडून आणि नंतर मोबाइल आल्यावर रैनीकडून. निरोप आल्याशिवाय सरांनी आंब्याला हात लावला नाही. एका लग्नात पन्हं पुढे आलं तर म्हणाले, "ॲसिडिटी आहे." मी कानात म्हटलं, "सर, पंचशीलातलं चौथं? खोटं बोलू नये?" ते चपापले. त्यानंतर कुणी आग्रह केला की सरळ सांगायचे, "आमच्या गावचा पंडुम व्हाचा आहे." लोकांना वाटायचं म्हातारा विनोद करतोय.

निवृत्त झाल्यावर सर आणि वहिनी मुलाजवळ चंद्रपूरला आले. माझीही बदली तिकडेच झाली होती, त्यामुळे जाणंयेणं राहिलं. एके दिवशी मी त्यांना विचारलंच, "सर, मनात कधी येत नाही, की खाऊन टाकावा? देव तुम्ही मानत नाही, बघायला कुणी नाही."

"येते ना. दरसाल येते."

"मग?"

"त्याइनं मले इचारलं नाई," ते म्हणाले. "इचारलं असतं, तं कदाचित खाल्ला असता."

शेवटचा आजार पोटाचा होता. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. सरांनाही. तोंडाची चव पार गेली होती, पाण्याचासुद्धा घोट कडू लागे. मार्च होता. खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या झाडाला कैऱ्या लोंबत होत्या. सर त्यांच्याकडे पाहत पडून राहत. वहिनी माझ्याजवळ रडल्या. "एक फोड खा म्हन्ते, तं ऐकत नाईत. कोनते देव याइले एवढे लागून गेले?"

मी रैनीला फोन केला. तिच्या गावचा पंडुम व्हायला अजून अवकाश होता. मी म्हटलं, "तू येऊन सांग, झाला म्हणून. तुझ्यावर ते विश्वास ठेवतील."

ती ड्युटी संपवून दुपारीच आली. दाराशी चप्पल काढता काढता मला हळूच म्हणाली, "मॅडम, मी तर फेब्रुवारीपासून बाजारची कैरी खाते. किती वर्षं झाली. सर अजून पाळतात, हे मला खरंच वाटलं नव्हतं. निरोप मी आपला रीत म्हणून द्यायची."

"मग सांग ना झाला म्हणून."

ती आत जाऊन पलंगाजवळ बसली. सरांनी तिला ओळखलं, हसले. वहिनींनी फोडी करून, मीठ लावून वाटी उशाशीच ठेवली होती. सर म्हणाले, "झाला काय वो पंडुम?"

रैनीने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नाई, सर. अजून नाई झाला."

"बरं," सर म्हणाले. "थोडं पानी दे."

मला तिचा भयंकर राग आला. बाहेर आल्यावर मी तिला नको ते बोलले. एवढंसं खोटं बोलायला काय झालं होतं, तू स्वतः पाळत नाहीस, मग त्यांना कशाला अडवलंस? ती भिंतीला टेकून रडत होती. "दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, मॅडम. पण ते लगेच खरं मानणार होते. काही विचारणार नव्हते. मग मला बोलताच आलं नाही."

सर त्याच आठवड्यात गेले. वाटीतल्या फोडी वहिनींनी फेकल्या नाहीत, तशाच सुकल्या.

एप्रिलमध्ये रैनीचा गावाहून फोन आला. त्या वर्षी तिने रजा काढली होती आणि सरांना भेटून गेल्यापासून आंबा खाल्ला नव्हता. मोहाखाली पंगत बसली होती, पळसाच्या पानांवर आंबा वाढून झाला होता. गायता आता फार म्हातारा झालाय, डोळ्यांनी दिसत नाही. त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि विचारलं, "मास्तरले सांगतलं काय?"

सर गेल्याचं गावात रैनीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मी हो म्हटलं, मॅडम," रैनी म्हणाली. "मग सगळे जेवले."